अब्बांची लेन्स आणि वीस वर्षांचा कॅमेरा

2021 साली बकरी ईदच्या दुसऱ्याच दिवशी, 22 जुलैला, वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले. आमच्या घरात ते माळ्याच्या दोन पायऱ्या खाली येऊन थांबले. खाली जे होते ते सगळे गेले. कपाट, शिवणयंत्र, मुलांची पुस्तके आणि अब्बांची लाकडी पेटी. त्या पेटीत त्यांचा झोर्की कॅमेरा होता, चाळीस वर्षांच्या निगेटिव्ह होत्या आणि घरातले सगळे अल्बम होते. चिखल निवळल्यावर पेटी उघडली, तेव्हा निगेटिव्ह एकमेकींना चिकटून त्यांची वीट झाली होती. कॅमेऱ्याचे कापडी शटर कुजले. वाचली ती फक्त लेन्स. ती का वाचली, तर पावसाळ्यात बुरशी धरू नये म्हणून अब्बांनी ती कॅमेऱ्यावरून काढून, बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात घालून माळ्यावर ठेवली होती.

हा लेख आम्ही दोघे नवरा-बायको मिळून लिहीत आहोत. एक जण शाळेत शिकवतो, एक जण घरी शिवणकाम करते. आम्हा दोघांनाही फोटोग्राफीतले काही कळत नव्हते. तरी गेल्या हिवाळ्यात चार महिने आमच्या घरात एकाच गोष्टीची चर्चा होती: एक जुना, वापरलेला डिजिटल रेंजफाइंडर कॅमेरा घ्यावा की घेऊ नये. ऐकणाऱ्याला ही चैन वाटेल. आम्हालाही आधी तसेच वाटले होते.

गोष्ट सुरू झाली एका वहीपासून. अम्मींच्या इन्तेकालनंतर लक्षात आले, की त्यांचा एकही धड फोटो घरात उरलेला नाही. आधारकार्डावरचा एक आणि भाच्याच्या निकाहातला मोबाइलवरचा एक, तोही पाठमोरा. अब्बा काही बोलले नाहीत. पण पंधरा दिवसांनी त्यांनी एक शंभर पानी वही आणली आणि त्यात नावे लिहायला सुरुवात केली. मोहल्ल्यातल्या आणि खाडीपलीकडच्या ज्या ज्या माणसांचे फोटो त्यांनी कधीकाळी काढले होते आणि जे पुरात गेले, त्यांची ती नावे होती. एकूण एक्केचाळीस. त्यातल्या चौदा नावांपुढे त्यांनी स्वतःच मरहूम असे लिहिले. उरलेल्या सत्तावीस जणांचे फोटो त्यांना पुन्हा काढायचे होते. त्या वेळी अब्बांचे वय होते शहात्तर.

मुलीने सरळ उपाय सुचवला. मोबाइल आहे ना! अब्बांनी चार दिवस मोबाइलने फोटो काढलेही. मग तो तिच्या हातात परत देत म्हणाले, "बेटा, हा फोटो फोनच काढतो. मी नुसता बोट लावतो." आम्ही हसलो. पण त्यांनी पुन्हा फोन मागितला नाही. वही उशाशीच राहिली.

पुण्यातल्या एका ओळखीच्या माणसाकडे झोर्की होता. तो त्याने महिनाभरासाठी दिला आणि अब्बांनी आपली लेन्स त्यावर चढवली. झोर्कीला एक पथ्य असते: आधी रोल पुढे घ्यायचा, मगच शटरचा वेग बदलायचा, उलटे केले तर आतले यंत्र बिघडते. चाळीस वर्षे हे पथ्य पाळलेले बोट तेव्हाही चुकले नाही. एका कृष्णधवल रोलवर त्यांनी यादीतल्या पाच जणांचे फोटो काढले. रोल कुरिअरने गेला, धुऊन, स्कॅन होऊन परत आला. सोळा दिवस लागले. छत्तीसपैकी बावीस फोटो धूसर होते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर डोळ्याचा नंबर बदललेला, आणि आपण जुळवतो आहोत ते खरेच जुळते आहे का, हे कळायला मध्ये सोळा दिवस. त्या पाचांपैकी एक होते गोवळकोटचे वृद्ध होडीवाले. त्यांचे चारही फोटो धूसर निघाले. पुन्हा काढू म्हणून अब्बा जुम्याच्या नमाजीनंतर त्यांच्याकडे जायला निघाले, तेव्हा कळले की मंगळवारीच त्यांचा दफनविधी झाला.

त्या रात्री आमच्या घरात पहिल्यांदा डिजिटल कॅमेऱ्याची गोष्ट निघाली. त्याआधी आम्ही हिशेब केला होता. रोल, धुलाई, स्कॅन, कुरिअर मिळून एका रोलला सुमारे बाराशे रुपये. सत्तावीस माणसांना सत्तावीस रोल धरले तरी साडेबत्तीस हजारांच्या आत. फिल्मच स्वस्त पडत होती, यात शंका नाही. पण होडीवाल्यांनंतर तो हिशेब आम्ही परत काढला नाही.

आता रेंजफाइंडर म्हणजे काय ते सांगायला हवे. नेहमीच्या मोठ्या कॅमेऱ्यात किंवा मोबाइलमध्ये लेन्समधून आत आलेले दृश्यच आपल्याला दिसते. रेंजफाइंडरमध्ये आपण लेन्समधून पाहतच नाही, वरच्या बाजूच्या एका काचेच्या खिडकीतून सरळ समोर पाहतो. त्या खिडकीपासून काही बोटांवर दुसरी लहान खिडकी असते. तिच्यातले दृश्य आतल्या आरशाने वळवून मोठ्या खिडकीच्या मधोमध एका फिकट चौकोनात टाकलेले असते. समोर माणूस उभा असेल तर त्या चौकोनात त्याची दोन नाके दिसतात. लेन्सची कडी फिरवली की त्यातले एक नाक आडवे सरकते. दोन नाकांचे एक नाक झाले की लेन्स नेमकी त्या अंतरावर बसली. आपले दोन डोळे ज्या युक्तीने अंतर ओळखतात, तीच ही युक्ती. बॅटरी नको, मोटर नको.

लायका नावाचा जर्मन कॅमेरा 1925 साली बाजारात आला. 1932 मध्ये त्यात लेन्सला जोडलेला रेंजफाइंडर बसवला गेला. सोव्हिएत संघाने 1934 पासून त्याची नक्कल केली, ती फेड या नावाने. युद्धानंतर मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यात त्याच घराण्यातला झोर्की तयार होऊ लागला. नक्कल असल्याने लेन्सचे आटेही तेच राहिले, 39 मिलिमीटरचे. अब्बांची ज्युपिटर-8 ही लेन्स त्याच आट्यांची. म्हणजे एक पातळ पितळी कडी मध्ये घातली की ती आजच्या लायकावरही बसते आणि त्याच्या रेंजफाइंडरशी बोलते. हे आम्हाला कळले, तेव्हा आमच्यातल्या शिक्षकाला फार आनंद झाला. शिवणकाम करणारीने विचारले, "किंमत?"

नवा डिजिटल लायका आमच्यासारख्यांसाठी नाहीच. त्या किमतीत चिपळूणात दुचाकी नव्हे, बरी चारचाकी दारात येते. जुन्यांमध्ये तीन नावे पुन्हा पुन्हा समोर आली.

पहिला एप्सनचा आर-डी1. प्रिंटर बनवणाऱ्या त्याच कंपनीने 2004 साली काढलेला, जगातला पहिला डिजिटल रेंजफाइंडर. जवळजवळ साठ लाख बिंदूंचा फोटो. गंमत म्हणजे डिजिटल असूनही प्रत्येक फोटोनंतर अंगठ्याने दांडी ओढावी लागते, रोल पुढे घेतल्यासारखी. वर घड्याळासारखे काटे; किती फोटो उरले आणि बॅटरी किती, ते काट्यांवर दिसते. अब्बांना चित्र दाखवले तर ते पोरासारखे खूश झाले. पण त्यात दोन जीबीपेक्षा मोठे कार्ड चालत नाही, आणि तो बिघडला तर आपल्याकडे भाग मिळायची आशा नाही. नाव खोडले.

दुसरा लायका एम9, सप्टेंबर 2009 चा. एक कोटी ऐंशी लाख बिंदू, आणि सेन्सर जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा पूर्ण, म्हणजे अब्बांची लेन्स झोर्कीवर जेवढे दाखवायची तेवढेच दाखवणार. तिसरा लायका एम8, 2006 चा. लायकाचा एम मालिकेतला पहिला डिजिटल. एक कोटी तीन लाख बिंदू, सेन्सर थोडा लहान. लहान सेन्सरमुळे कडेचा भाग कापला जातो आणि 50ची लेन्स साधारण 67च्या लेन्ससारखी वागते. माणसांचे चेहरे काढायचे असतील तर हा तोटा नव्हे.

एम9 बद्दल वाचताना एका गोष्टीवर आम्ही थबकलो. या कॅमेऱ्याच्या सेन्सरसमोर एक रंगीत काच असते. काही वर्षांत तिला आतून गंज चढतो. फोटोत गोल ठिपके दिसू लागतात आणि त्यांच्याभोवती फिकट वलय असते. हा दोष जगभर गाजला. कंपनीने कबूल करून ठरावीक मुदतीपर्यंत सेन्सर फुकट बदलून दिले. 2017 च्या ऑगस्टनंतर ती सवलत आटली, आणि पुढे बदली सेन्सरच संपले. आता परदेशातले काही कारागीर नुसती काच बदलून देतात. म्हणून जुना एम9 घेताना पहिला प्रश्न विचारायचा, सेन्सर बदललेला आहे का आणि त्याचा कागद कुठे आहे. एम8 ची काच वेगळी, तिला हा रोग नाही. त्याचा रोग दुसराच. तो पुढे सांगतो.

कॅमेरा हा शब्द एक असला तरी डिजिटल रेंजफाइंडरमध्ये दोन वस्तू एकत्र असतात, हे आम्हाला हळूहळू उमगले. वरचा अर्धा भाग, म्हणजे खिडक्या, आरसे, दांड्या, हा घड्याळजीच्या जगातला. तो पन्नास वर्षांनीही साफ करून, जुळवून चालवता येतो. खालचा अर्धा, म्हणजे सेन्सर, पडदा, बॅटरी, हा मोबाइलच्या जगातला. तो एक दिवस गेला की गेला. जुन्या फिल्म कॅमेऱ्याला "एकदा घेतला की आयुष्यभराचा" म्हणता येते, याला नाही. कुणी तसे सांगून विकत असेल तर ते खरे नाही. आम्ही स्वतःला विचारले, हा तीन वर्षांनी बंद पडला तर आपल्याला पैसे बुडाल्यासारखे वाटेल का? वहीतली सत्तावीस नावे, आता सव्वीस, पाहून उत्तर सोपे गेले.

पैशांचे मात्र सोपे नव्हते. भिशीचे आणि शिवणकामाचे मिळून आमच्याकडे एक लाख साठ हजार होते. त्यातून पावसाळ्याआधी माळ्याचे पत्रे बदलायचे होते. सुताराने सत्तर हजारांचा अंदाज दिला होता. पुरात त्याच माळ्याने आमची कागदपत्रे आणि अब्बांची लेन्स वाचवली, तो गळता ठेवून कॅमेरा घेणे आम्हाला पटणारे नव्हते. म्हणजे हातात राहिले नव्वद हजार.

जानेवारीत अब्बांना घेऊन आम्ही मुंबईला गेलो. फोर्टमधला बोराबझार अजून कॅमेऱ्यांसाठी ओळखला जातो. 1974 साली अब्बांनी त्यांचा झोर्कीही तिथूनच घेतला होता, वापरलेलाच, सायकलसाठी जमवलेल्या पैशांतून. एका दुकानात एम9 होता. किंमत दोन लाखांच्या वर. आम्ही फक्त पाहायचे ठरवले होते. विक्रेत्याला सेन्सरबद्दल विचारले तर म्हणाला, "सगळे चकाचक आहे." आम्ही आमचे कार्ड घालून एक फोटो काढू का विचारले. वाचून ठेवलेली चाचणी अशी: लेन्सचे छिद्र 16 किंवा 22 वर नेऊन सगळ्यात लहान करायचे, स्वच्छ आकाशाचा फोटो काढायचा आणि संगणकावर मोठा करून ठिपके शोधायचे. धूळ असेल तर काळा कण दिसतो आणि तो साफ करता येतो. वलय असेल तर गंज. विक्रेत्याचा चेहरा बदलला. बाहेर न्यायचा नाही, कार्ड घालायचे नाही, घ्यायचा असेल तर घ्या. वर हप्त्यांचा कागद पुढे केला, व्याजासकट. अब्बांनी कॅमेरा काउंटरवर ठेवला, सलाम केला आणि बाहेर पडले. त्या कॅमेऱ्यात दोष होता की नव्हता, ते आम्ही सांगू शकत नाही. पाहू न देणाऱ्याकडून घ्यायचा नाही, एवढेच. मालातला ऐब ग्राहकाला दाखवूनच सौदा करायचा, हे आपल्याकडे लहानपणी दुकानात बसायला लागलेल्या पोरालाही शिकवतात.

परतीच्या गाडीत मुलीने आपला मुद्दा मांडला, आणि तो बिनतोड होता. तिच्या चुलतभावाकडे सोनीचा ए7 आहे, आरसा नसलेल्या नव्या जातीचा. जुना घेतला तर निम्म्या पैशांत मिळेल. हजार-दीड हजारांची कडी घातली की अब्बांची लेन्स त्यावरही बसते, सेन्सर पूर्ण मोठा, आणि फोटो कसा येणार ते आधीच दिसते. या सगळ्यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. म्हणून वाद न घालता चाचणी घेतली. रविवारी चुलतभावाचा कॅमेरा आणला आणि अब्बांनी अंगणात वीस फोटो काढले. नऊ स्पष्ट आले. त्या कॅमेऱ्यात डोळ्याला लहान टीव्ही दिसतो; नेमके जुळवायला बटण दाबून चित्र मोठे करावे लागते, ते दाबेपर्यंत समोरच्याचे हसू जाते आणि अब्बांच्या बोटाला भलतेच बटण लागून मेनू उघडतो. शेवटी ते म्हणाले, "यात माणसाचे चित्र दिसते. मला माणूस दिसायला हवा." मुलगी म्हणाली, सवय झाली की जमेल. कदाचित जमलेही असते. वय साठ असते तर आम्ही तोच घेतला असता, आणि आमच्या वयाच्या कुणी विचारले तर आजही तोच घ्या म्हणू.

फेब्रुवारीत, झोर्की देणाऱ्या ओळखीच्या माणसानेच निरोप पाठवला. पुण्यात एक निवृत्त गृहस्थ आपला एम8 विकत आहेत, मागणी एक लाख दहा हजार. कुंभार्ली घाट चढून आम्ही तिघे गेलो. त्यांनी आधी चहा दिला आणि मग न विचारता स्वतःच दोष सांगायला सुरुवात केली. एकदा टेबलावरून पडला होता. मागच्या पडद्याच्या कोपऱ्यात कॉफी सांडल्यासारखा डाग आहे, आणि असा पडदा आता बदलून मिळत नाही. बॅटरी दोन, त्यातली एक थकलेली. एका लपलेल्या मेनूत शिरून शटर किती वेळा उडाले तेही दाखवले. अकरा हजारांच्या थोडे वर. आम्ही आमचे कार्ड घालून गच्चीवरून आकाशाचा फोटो काढला. चार काळे कण निघाले, वलय नव्हते. ते फुंकणीने तिथेच गेले.

मग अब्बांनी कॅमेरा डोळ्याला लावला. या कॅमेऱ्यात चष्म्याचा नंबर जुळवायची दांडी नसते, झोर्कीत असते. इथे गरज पडली तर वेगळी काच स्क्रूने बसवावी लागते. चष्म्यासकटच त्यांनी दूरच्या इमारतीवरची झेंड्याची काठी पाहिली. अर्धा मिनिटही गेला नसेल. "आडवे जुळते," ते म्हणाले, "पण उभे नाही. काठीच्या टोकावर टोक चढले आहे." गृहस्थांनी स्वतः पाहिले, दोनदा पाहिले. पडल्यापासून तसे असणार, त्यांच्या कधी लक्षात आले नव्हते. ज्या डोळ्यांना बावीस फोटो धूसर दिल्याबद्दल आम्ही मनात दोष देत होतो, त्यांनीच तो फरक पकडला.

उभा फरक फोटो बिघडवत नाही, फक्त डोळ्याला खुपतो. आडवा फरक असता तर फोटो धूसर आले असते. त्यांच्या अंगणात अब्बांनी वीस फोटो काढले. संगणकावर मोजले, सतरा स्पष्ट. सौदा ब्याऐंशी हजारांवर तुटला. आठ दिवसांत काही लपलेले निघाले तर परत घेईन, हे त्यांनी आपणहून कागदावर लिहून दिले. मुंबईतल्या एका जुन्या कारागिराने चार हजारांत उभी रेघ जुळवून दिली. नव्वदच्या आत राहिलो, चार हजार शिल्लक. पितळी कडी त्यातूनच आली.

घरी आल्यावर पहिले आठ दिवस अब्बांनी यादीला हातच लावला नाही, नुसते शिकत राहिले. कार्ड आणि बॅटरी काढायला खालची पूर्ण पट्टी उघडावी लागते, रोल भरताना उघडायची तशी. ती हातात धरायची की दातात, यावर घरात विनोद झाले. 64 जीबीचे कार्ड चालत नाही, म्हणून 16चे आणले. अंधारात हा कॅमेरा लंगडा आहे: संवेदनशीलता 640 च्या पुढे नेली की फोटोवर रवा सांडल्यासारखे दाणे येतात. मगरिबनंतर घरात फोटो काढायचा विषय नाही. शटरचा आवाजही झोर्कीपेक्षा मोठा, मागून मोटर कुरकुरते. आणि रशियन लेन्स जर्मन मोजमापाशी तंतोतंत जुळत नाही. अगदी मीटरभरावर, छिद्र पूर्ण उघडे ठेवले तर दोन-तीन बोटांचा फरक पडतो. अब्बांनी दारात बसून भिंतीवरच्या दिनदर्शिकेचे तीसेक फोटो काढले, आकडे कुठे स्पष्ट येतात ते वहीत लिहिले आणि ठरवले, की माणूस दोन मीटरवर बसवायचा आणि छिद्र 5.6 वर ठेवायचे. तिथे फरक पुसला जातो.

पहिले नाव होते सलमाखालांचे. वय ब्याऐंशी. त्या नवा काळा बुरखा घालून, खुर्चीत ताठ बसल्या. फोटो निघाला, मुलीने तो लॅपटॉपवर लावला आणि खाला ओरडल्या, "हा जांभळा बुरखा कुणाचा?" खरोखरच वांग्याच्या रंगाचा झाला होता. हाच तो एम8 चा रोग. त्याच्या सेन्सरसमोरची काच पातळ असल्याने डोळ्याला न दिसणारे अवरक्त किरण आत शिरतात, आणि पॉलिस्टरचे काळे कापड ते किरण भरपूर परावर्तित करते. सुती काळा काळाच राहतो, कृत्रिम धाग्याचा काळा जांभळा होतो. कॅमेरा बाजारात आल्यावर हा गोंधळ उघड झाला, तेव्हा कंपनीने ग्राहकांना लेन्सवर लावायचे खास फिल्टर दिले होते. आम्ही हे वाचले होते, तरी डोळ्यांसमोर बुरखा आला नव्हता. युरोपातल्या कुणाचा एखादा कोट जांभळा झाला असेल. आमच्या मोहल्ल्यात निम्मी यादी जांभळी निघाली असती. अब्बांच्या लेन्सचे तोंड 40.5 मिलिमीटरचे, त्या मापाचा फिल्टर यायला तीन आठवडे लागले. तोवर ते कृष्णधवल फोटो काढत राहिले. खालांना कृष्णधवलच आवडला. मोठा करून तो त्यांनी कपाटाच्या आतल्या दारावर लावला आहे.

पत्रे मेच्या अखेरीस बसले. कॅमेरा आता रबरी झाकणाच्या घट्ट डब्यात असतो, सोबत सिलिका जेलची पुडी. निळे दाणे गुलाबी झाले की शिवणकाम करणारी ते तव्यावर मंद आचेवर भाजून पुन्हा निळे करते. चामड्याची पिशवी अब्बांनी काढून टाकली. कोकणात चामडे म्हणजे बुरशीचे घर. डबा माळ्यावर, त्याच बिस्किटाच्या डब्याशेजारी.

वहीत आतापर्यंत अकरा नावांपुढे खूण झाली आहे. फोटोच्या प्रती बाजारातल्या दुकानात काढून अब्बा स्वतः नेऊन देतात, दुसऱ्याच दिवशी. एका घरात प्रत पाहून म्हाताऱ्याने आपल्या जागी मोठ्या भावाचा फोटो काढायला सांगितले. भाऊ यादीत नव्हते, आता आहेत. म्हणून खुणा अकरा असल्या तरी उरलेली नावे पंधरा नाहीत, सोळा आहेत. त्यातले एक कुवेतला मुलाकडे गेले आहेत, डिसेंबरात परतणार. अब्बांनी परवा विचारले, ती थकलेली बॅटरी डिसेंबरपर्यंत टिकेल ना. दुसरी मागवली आहे.